एकचल समीकरण सोडवण्याची रीत: कोणती पायरी आधी, कोणती नंतर, आणि चूक नेमकी कुठे होते

दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे सोयाबीनची सवंगणी लागते आणि ती संपेस्तोवर कापसाची वेचणी उभी राहते. यवतमाळ, वाशीम, वर्धा कुठलंही खेडं घ्या, या दिवसांत पोरांचे शाळेला खाडे होतात. मग मागून कुणाची तरी वही उतरवून घेतली जाते. त्या वहीतून बीजगणिताचं एकच वाक्य हाती लागतं: ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.’ पोरगं ते पाठ करतं आणि ३क्ष = १२ मधला ३ उजवीकडे नेऊन १२ − ३ = ९ लिहितं. नियम त्याने पाळलेला असतो, तरी उत्तर चुकतं. असं दोन-तीनदा झालं की गणित आपल्याला जमत नाही अशी त्याची समजूत होते, आणि ती समजूत खोटी असते.

आठवीला एकचल समीकरण, म्हणजे एकच चल (शोधायची अज्ञात संख्या) असलेलं समीकरण, कच्चं राहिलं तर नववीला दोन चलांची रेषीय समीकरणं जड जातात. दहावीच्या गणित भाग १ चं पहिलंच प्रकरण तेच आहे. म्हणून हा लेख आठवी-नववीच्या मुलांसाठी, आणि संध्याकाळी त्यांना घेऊन बसणाऱ्या ताई-दादांसाठी. पाठ्यपुस्तकात चलासाठी इंग्रजी एक्स किंवा वाय असतो; इथे मी क्ष वापरला आहे. वहीत पुस्तकातलंच अक्षर लिहा.

तयारी: समीकरणाला हात लावण्याआधी

समीकरण चुकतं तेव्हा बऱ्याचदा चूक समीकरणात नसतेच, ती सहावी-सातवीच्या गणितात असते. म्हणून आधी ही सहा उदाहरणं तोंडी विचारा:

−७ + ३
−४ − ६
(−३) × (−५)
१२ ÷ (−४)
२/३ + १/४
४ आणि ६ चा लसावि

उत्तरं अनुक्रमे −४, −१०, १५, −३, ११/१२ आणि १२. दुसऱ्या उदाहरणाकडे विशेष लक्ष द्या. ‘वजा वजा अधिक’ हे ऐकलेलं असल्यामुळे मुलं −४ − ६ चं उत्तर +१० देतात. तो नियम गुणाकार-भागाकाराचा आहे. चार रुपये उधारी होती, आणखी सहा झाली, तर उधारी दहाच होणार. हे पक्कं नसेल तर आठवडाभर फक्त चिन्हांची बेरीज-वजाबाकी करून घ्या. तो आठवडा वाया जात नाही.

त्यानंतर लिखाणातल्या चार गोष्टी:

३क्ष म्हणजे ३ गुणिले क्ष. क्ष = ४ असेल तर ३क्ष म्हणजे १२. कित्येक मुलं ३४ लिहितात, कारण त्यांना तिथे रिकाम्या जागेत अंक भरायचा आहे असं वाटतं.

नुसता क्ष म्हणजे १क्ष, आणि −क्ष म्हणजे −१क्ष.

५ + ३क्ष म्हणजे ८क्ष नव्हे. ५ हे सुटं पद आहे, ३क्ष मध्ये चल आहे. ही पदं सरूप नाहीत, म्हणून त्यांची बेरीज होत नाही. ५क्ष + ३क्ष = ८क्ष होतं.

पदाच्या आधी जे चिन्ह असतं ते त्या पदाचंच असतं. ७ − २क्ष मध्ये दुसरं पद −२क्ष आहे. पद उचलाल तर चिन्हासकट उचला.

वही चौकटीची असली तर बरं. एका ओळीत एकच समीकरण लिहायचं आणि सगळी बरोबरची चिन्हं एकाखाली एक आणायची. ३क्ष = १५ = क्ष = ५ अशी साखळी लिहू देऊ नका. तिचा अर्थ १५ आणि ५ सारखेच, असा होतो.

तपासा: मुलाला विचारा, “क्ष + ७ = १२ हे काय सांगतंय?” त्याने “कोणत्यातरी संख्येत ७ मिळवले की १२ होतात” असं आपल्या शब्दांत सांगितलं तर पुढे जा. “क्ष तिकडे न्यायचा” असं म्हणाला तर अजून थांबा.

मूळ गोष्ट: दोन्ही बाजूंना तेच

समीकरण म्हणजे डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी आहे असं विधान. बाजारातल्या तराजूची दोन्ही पारडी समतोल असली, तर दोन्हींतून सारखंच काढलं किंवा दोन्हींत सारखंच घातलं तरी तो समतोल राहतो. हे उदाहरण पहिल्या दिवशी उपयोगी पडतं. पण ऋण संख्या आल्या की ते सोडून द्या, कारण पारड्यात उणे पाच किलो ठेवता येत नाही. तिथून पुढे वाक्य एकच: जे डावीकडे केलं तेच उजवीकडे.

क्ष + ७ = १२
दोन्ही बाजूंतून ७ वजा: क्ष + ७ − ७ = १२ − ७
क्ष = ५

‘पलीकडे नेणं’ ही याच मधल्या ओळीची आखूड रीत आहे. मधली ओळ हाताला बसेपर्यंत आखूड रीत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान पहिली वीसेक उदाहरणं तरी प्रत्येक ओळीसमोर काय केलं ते शब्दांत लिहून घ्या: ‘दोन्ही बाजूंतून ७ वजा’, ‘दोन्ही बाजूंना ३ ने भागले’. ज्याला हे लिहिता येतं तो ३क्ष = १२ मध्ये ३ वजा करत नाही. क्ष ला ३ ने गुणलं आहे हे त्याला दिसतं, म्हणून तो भागतो.

पायऱ्यांचा क्रम

सोडवताना क्रम असा: छेद घालवा, कंस सोडवा, प्रत्येक बाजूची सरूप पदं एकत्र करा, चल एका बाजूला आणि सुट्या संख्या दुसऱ्या बाजूला आणा, सहगुणकाने (चलाला गुणणाऱ्या संख्येने) भागा, ताळा पाहा.

शिकवताना मात्र उलटं जा. आधी भागाकार आणि ताळा, मग चल एका बाजूला आणणं, मग कंस, आणि सगळ्यात शेवटी छेद. पहिल्याच दिवशी अपूर्णांकांचं समीकरण समोर टाकलं तर मूल एकाच वेळी पाच जागी अडखळतं, आणि नेमकं कुठे अडलं ते तुम्हालाही कळत नाही.

पायरी १: छेद घालवा

सगळ्या छेदांचा लसावि काढा आणि दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला त्याने गुणा. ‘प्रत्येक’ या शब्दाखाली रेघ ओढा. एक उदाहरण घेऊ. वावराच्या निम्म्या भागात कापूस, एक तृतीयांशात सोयाबीन आणि उरलेल्या २ एकरांत तूर आहे. वावर किती एकर?

क्ष/२ + क्ष/३ + २ = क्ष
प्रत्येक पदाला ६ ने गुणले: ३क्ष + २क्ष + १२ = ६क्ष
५क्ष + १२ = ६क्ष
क्ष = १२

कापूस ६ एकर, सोयाबीन ४, तूर २. बेरीज १२, बरोबर.

हमखास होणारी चूक म्हणजे सुट्या २ ला छेद नाही म्हणून त्याला गुणायचं राहून जाणं. मग ५क्ष + २ = ६क्ष येतं आणि वावर २ एकरांचं निघतं. त्यात तूरच २ एकर आहे, मग कापूस कुठे पेरला?

दुसरी जागा जास्त फसवी आहे. अंशात दोन पदं असतील तर गुणण्याआधी अंशाला कंस घाला:

(क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = ३
६ ने गुणले: ३(क्ष + १) − २(क्ष − २) = १८
३क्ष + ३ − २क्ष + ४ = १८
क्ष + ७ = १८
क्ष = ११

कंस न घालता गुणलं की +४ च्या जागी −४ येतो आणि उत्तर १९ निघतं. उत्तर पूर्णांक आल्यामुळे मुलाला शंका येत नाही. मूळ समीकरणात ठेवून पाहिलं तरच कळतं: ११ ठेवल्यावर ६ − ३ = ३ जमतं, १९ ठेवल्यावर दुसऱ्या अपूर्णांकाचा अंश १७ होतो आणि त्याला ३ ने पूर्ण भाग जात नाही.

सावधान: तिरकस गुणाकार, म्हणजे एका बाजूच्या अंशाला दुसऱ्या बाजूच्या छेदाने गुणणं, दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हाच करायचा. क्ष/३ + १ = ५/२ यात डावीकडे सुटा १ आहे. तिथे २क्ष + १ = १५ लिहिणं चूक. ६ ने गुणून २क्ष + ६ = १५ येतं, आणि क्ष = ९/२. छेदातच चल असेल, तर आलेल्या उत्तराने तो छेद शून्य होत नाही ना, तेही पाहावं लागतं.

पायरी २: कंस सोडवा

कंसाबाहेरची संख्या आतल्या प्रत्येक पदाला गुणते, आणि ती आपल्या चिन्हासकट गुणते.

५क्ष − २(क्ष − ४) = २३
५क्ष − २क्ष + ८ = २३
३क्ष = १५
क्ष = ५

इथे बाहेर −२ आहे. (−२) × (−४) = +८. बहुतेक वह्यांत −८ सापडतो. उपाय साधा आहे: कंस सोडवताना बाहेरच्या संख्येपासून आतल्या प्रत्येक पदाकडे बाण काढायचा आणि बाणावर उत्तर चिन्हासह लिहायचं. बाहेर नुसतं वजाचं चिन्ह असेल, जसं १० − (क्ष + ३), तर तिथे −१ आहे असं समजा आणि १० − क्ष − ३ लिहा.

पायरी ३: प्रत्येक बाजू आवरून घ्या

काहीही इकडून तिकडे करण्याआधी डावीकडची सरूप पदं डावीकडेच आणि उजवीकडची उजवीकडेच एकत्र करा. एकाच बाजूच्या दोन पदांची बेरीज करताना चिन्ह बदलत नाही. ‘क्ष ची पदं जवळ आणायची’ म्हणून तिथेही चिन्ह बदलणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

पायरी ४: चल एका बाजूला

गावातून बाजार समितीत कापूस न्यायला छोटा हत्तीवाला ३०० रुपये ठोक आणि क्विंटलमागे ४० रुपये मागतो. दुसरा १०० रुपये ठोक आणि क्विंटलमागे ६० रुपये. किती क्विंटलला दोघांचं भाडं सारखं होईल?

३०० + ४०क्ष = १०० + ६०क्ष
दोन्ही बाजूंतून ४०क्ष वजा: ३०० = १०० + २०क्ष
दोन्ही बाजूंतून १०० वजा: २०० = २०क्ष
क्ष = १०

चल डावीकडेच आला पाहिजे असं काही नाही. ज्या बाजूला सहगुणक मोठा, तिकडे चल ठेवला तर ऋण चिन्हांचा निम्मा त्रास वाचतो. आणि या उत्तराचा उपयोगही आहे. १० क्विंटलपेक्षा कमी माल असेल तर दुसरी गाडी स्वस्त, जास्त असेल तर पहिली. ५ क्विंटल घालून स्वतः हिशोब करून पाहा: ५०० आणि ४००.

चल दोन्ही बाजूंनी उडून गेला तर घाबरू नका, पान फाडू नका. मागे ६ = ६ सारखं खरं विधान उरलं तर क्ष ची कोणतीही किंमत चालते. ३ = ५ असं खोटं उरलं तर उकल नाही.

पायरी ५: सहगुणकाने भागा

इथे तीन चुका होतात. −४क्ष = २० मध्ये ४ मिळवून २४ लिहितात; खरं उत्तर २० ÷ (−४) = −५. भागताना चिन्ह मागे सोडतात आणि ५ लिहितात. आणि ५क्ष = ३ दिसलं की मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं असं समजून ५/३ लिहितात. क्ष ला ज्या संख्येने गुणलं आहे तीच भाजक, मग ती मोठी असो की लहान: क्ष = ३/५. उत्तर अपूर्णांक किंवा ऋण आलं म्हणून ते खोडायचं नसतं.

पायरी ६: ताळा

ही पायरी सगळे सोडतात, आणि माझा सगळा जोर याच पायरीवर आहे. ताळ्याचे नियम तीन.

किंमत मूळ समीकरणात ठेवायची, मधल्या ओळीत नाही. पहिल्याच ओळीत चूक झाली असेल तर दुसऱ्या ओळीत ठेवलेला ताळा जमतो आणि चूक लपते.

डावी बाजू वेगळी काढायची, उजवी वेगळी काढायची, आणि मगच दोघींची गाठ घालायची.

शाब्दिक उदाहरण असेल तर ताळा समीकरणात नाही, उदाहरणाच्या वाक्यांत पाहायचा, कारण समीकरणच चुकीचं मांडलेलं असू शकतं.

बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात हे खरं. पण ताळा गुणांसाठी नाहीच. उत्तर बरोबर आलं की नाही हे सरांना न विचारता मुलाला स्वतःला कळतं, आणि खाडा पडलेल्या, घरी विचारायला कुणी नसलेल्या मुलाला याचीच सगळ्यात जास्त गरज असते.

शाब्दिक उदाहरणं: समीकरण मांडताना

सोडवणं जमलं तरी मांडणं अडतं. त्याचाही क्रम आहे.

१. उदाहरण दोनदा वाचा आणि काय शोधायचं त्याखाली रेघ ओढा.

२. ‘क्ष मानू’ एवढं लिहून थांबू नका. ‘वेचलेला कापूस क्ष किलो मानू’ असं एककासह लिहा. क्ष म्हणजे कापूस नव्हे, कापसाच्या किलोंची संख्या.

३. एकक एकच करा. दीड क्विंटल म्हणजे १५० किलो. सव्वाशे १२५, पाऊणशे ७५, पावणेतीन म्हणजे २.७५. ‘दीडपट’ म्हणजे ३क्ष/२, दीड मिळवणं नव्हे.

४. बाकी प्रत्येक गोष्ट क्ष च्या रूपात लिहा, आणि मगच बरोबरचं चिन्ह घाला.

उदाहरण: वेचणीचा दर किलोला १० रुपये. सकाळी १५० रुपये उचल घेतलेली. संध्याकाळी उचल कापून ३३० रुपये हाती आले. कापूस किती वेचला? एकूण मजुरी १०क्ष, म्हणून १०क्ष − १५० = ३३०, १०क्ष = ४८०, क्ष = ४८ किलो. उचल मिळवायची की वजा करायची यात पोरं गोंधळली तर त्यांना विचारा, हातात आलेले पैसे मजुरीपेक्षा कमी की जास्त?

हाच प्रश्न ‘पट’ असलेल्या वाक्यांत फार कामाचा आहे. ‘सोयाबीनचं क्षेत्र तुरीच्या चौपट’ हे वाक्य बरीच मुलं आल्या क्रमाने उतरवतात: ४स = त. आधी विचारा, जास्त काय? सोयाबीन. मग ज्याच्या शब्दाला ‘च्या’ लागलं आहे त्या लहान गोष्टीला ४ ने गुणायचं: स = ४त. ‘क्ष च्या दुपटीपेक्षा ३ ने कमी’ यातही आधी दुप्पट, मग तिच्यातून ३ कमी: २क्ष − ३.

तेच वापरून जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी (बी) आणि रुई (धागा) वेगळी करण्याचं, उदाहरण घ्या. १०० किलो कापसात १ किलो घट निघाली आणि सरकी रुईच्या दुपटीपेक्षा ३ किलोने कमी भरली. रुई किती?

क्ष + (२क्ष − ३) + १ = १००
३क्ष − २ = १००
क्ष = ३४

रुई ३४, सरकी ६५, घट १. बेरीज १०० जमली, आणि जिनिंगमध्ये क्विंटलमागे रुई साधारण एवढीच पडते, म्हणून उत्तर व्यवहारालाही धरून आहे.

वयाच्या उदाहरणात एकच खोड. आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे, १० वर्षांनी दुप्पट होईल. तेव्हा मुलगी क्ष + १० वर्षांची असेल, म्हणून दुप्पट २(क्ष + १०). कंस विसरून २क्ष + १० लिहिलं तर ३क्ष + १० = २क्ष + १० येतं आणि मुलीचं वय शून्य निघतं. कंसासह सोडवा: मुलगी १०, आई ३०.

सरावासाठी

रोज पाचच समीकरणं, पण प्रत्येकाचा ताळा लिहून. चुकलं तर खोडरबर वापरू नका. चुकलेल्या ओळीसमोर फुली मारा, शेजारी पुन्हा सोडवा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर चूक एका शब्दात लिहा: चिन्ह, कंस, छेद, भागाकार, मांडणी. दोन आठवड्यांनी ते पान पाहिलं की त्या मुलाकडून नेमकं काय पुन्हा करून घ्यायचं ते कळतं. सगळ्या वर्गाची चूक एकच असेल असं समजून सगळ्यांना एकच सराव देऊ नका.

अ) ७क्ष − ५ = ३०
आ) ४ − ३क्ष = १९
इ) ९क्ष = ४
ई) ६क्ष + ७ = २क्ष − ९
उ) ३(क्ष − २) − २(क्ष − ५) = ११
ऊ) (क्ष + ३)/४ − (क्ष − १)/६ = २
ए) दोघींनी मिळून ९५ किलो कापूस वेचला. दुसरीने पहिलीपेक्षा ७ किलो जास्त वेचला. प्रत्येकीने किती?

उत्तरं: अ) ५, आ) −५, इ) ४/९, ई) −४, उ) ७, ऊ) १३, ए) ४४ आणि ५१ किलो. ही ओळ मुलांनी स्वतःचा ताळा लिहिल्यावरच दाखवा.